पाळी जाताना: कुठल्या त्रासाला कुठला घरगुती उपाय, किती आणि किती दिवस

पाळी जाण्याच्या वयात बायकांना सल्ल्यांची कमतरता नसते. शेजारीण शतावरी सांगते, जाऊबाई सोयाबीन सांगतात, मोबाइलवर रोज नवा काढा येतो. यातले बरेच सल्ले वाईट नसतात. अडचण एवढीच की ते सगळे 'हिची पाळी जातेय' एवढ्याच माहितीवर दिलेले असतात. प्रत्यक्षात एकीला अंगातून वाफा येतात, दुसरीची झोप उडते, तिसरीची शिंकताना लघवी निसटते. सोयाबीनने लघवी निसटणं थांबत नाही आणि ओटीपोटाच्या व्यायामाने वाफा कमी होत नाहीत. उपाय वयाला नाही, त्रासाला लावावा लागतो. म्हणून आधी आपण कुठे आहोत ते ओळखायचं, त्रास लिहून काढायचा आणि मग एकेक उपाय करून पाहायचा.

आधी खात्री: हे पाळी जाणंच आहे ना?

सलग १२ महिने पाळी आली नाही की पाळी गेली असं धरतात. आपल्याकडे हे वय सरासरी ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ५१च्या आसपास. त्याआधीची चार-पाच वर्षं पाळी मागेपुढे होते, कधी दोन महिने येत नाही, कधी पंधरा दिवसांत परत येते. वाफा, चिडचिड, झोपमोड या काळातच सुरू होतात. या काळात दिवसही राहू शकतात, हे बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष, गर्भनिरोधक चालू ठेवावं.

पिशवी काढलेल्या बाईला हा हिशोब लागू पडत नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील तर त्याच दिवसापासून हार्मोन बंद होतात आणि त्रास एकदम, जोरात सुरू होतो. अंडाशयं ठेवली असतील तर पाळी नसली तरी हार्मोन चालू असतात, आणि वाफा काही वर्षांनी येऊ शकतात. ऑपरेशनचा कागद घरात शोधा. काय काढलं आणि काय ठेवलं ते त्यात लिहिलेलं असतं. तो मिळत नसेल तर सोनोग्राफीत अंडाशयं आहेत का ते पाहून घेता येतं.

चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ४५च्या आत थांबली असेल तरीही जा. इतक्या लवकर हार्मोन बंद झाले तर हाडं आणि हृदय दोन्हींना धोका असतो. तो घरगुती उपायांनी भरून निघत नाही.

पाळी जाण्यासारखीच लक्षणं देणारे आजार आधी तपासून घ्यावेत. थायरॉइड वाढलं तर घाम, धडधड, वजन घटणं आणि झोप न लागणं, हे सगळं होतं. रक्त कमी असेल तर धाप आणि थकवा येतो. रात्री घाम येतोच, पण सोबत संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला किंवा वजन कमी होणं असेल तर क्षयाची तपासणी लागते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्राम (रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन), साखर आणि रक्तदाब एवढं एकदा करून घ्या. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेचं काठे गल्लीजवळचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय किंवा नाशिकरोडचं बिटको, जे जवळ असेल तिथे जा.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण इथे उशीर होऊन बायका जिवाला मुकतात. 'जाण्याची वेळ आली की असं अंगावरून जातंच' हे वाक्य ऐकून घरी बसू नका. तासाला एक पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, आठवड्याच्या वर रक्त जात राहणं, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर डाग पडणं, यातलं काहीही झालं तर तपासणी हवी. पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि नंतर एक डाग जरी पडला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण बहुतेकदा हीच असते, आणि त्या वेळी सापडला तर तो बहुतेकदा बरा होतो. अशोकारिष्ट, जास्वंदीचा काढा वगैरे जे काही घ्यायचं असेल ते तपासणीनंतर.

वहीची पंधरवडाभर तयारी

कुठलाही उपाय सुरू करण्याआधी १४ दिवस नुसतं लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीतही जमतं. वाफ आली की एक रेघ. सौम्य असेल तर साधी, घाम फुटला तर रेघेवर टिंब, हातातलं काम थांबवावं लागलं तर फुली. रात्री किती वेळा जाग आली तो आकडा. आणि वाफेच्या आधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं ते दोन शब्दांत: उकळता चहा, गॅससमोर, भांडण, बसमध्ये गर्दी.

एवढी खटपट कशाला, असं वाटेल. वाफा आपोआप कमी-जास्त होत असतात. औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्या बायकांना नुसती बनावट गोळी दिली जाते, त्यांच्याही वाफा बऱ्याचदा २० ते ५० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसतात. म्हणजे महागडी पावडर घेऊन पंधरा दिवसांत थोडं बरं वाटलं, तर ते श्रेय पावडरचं असेलच असं नाही. दिवसाला १२ रेघांच्या ५ झाल्या तर उपाय चालू ठेवण्यासारखा. १२च्या १० झाल्या तर पैसे वाचवा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करायची, तिला निदान चार आठवडे द्यायचे, सोयाबीनसारख्या खाण्याच्या उपायांना आठ ते बारा. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या तर कुठली लागू पडली ते कळत नाही, आणि पुरळ किंवा जुलाब झाले तर कशामुळे तेही कळत नाही.

वाफा

मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं हार्मोन घसरलं की ते केंद्र हळवं होतं. एरवी जाणवलंही नसतं इतकं तापमान वाढलं तरी ते 'फार गरम झालं' असं समजून त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम सोडतं. वाफ एक ते पाच मिनिटांत ओसरते आणि मागून अंग गार पडतं, हुडहुडी भरते. निफाडकडे पारा ५ अंशांखाली गेलेला असतानाही वाफ येते, ती म्हणूनच.

पहिला उपाय कपड्यांचा आणि पांघरुणाचा. जाड गोधडी एकच घेतली तर रात्री दोनच पर्याय उरतात, उकडणं नाहीतर गारठणं. त्याऐवजी खाली सुती चादर, वर एक सोलापुरी चादर आणि पायाशी घडी करून ठेवलेली पातळ गोधडी, असे तीन थर घ्या. पॉलिस्टरचा गाऊन बंद, मलमल किंवा जुनी धुवून मऊ झालेली सुती साडी उत्तम. परकराची नाडी आणि गळाबंद ब्लाउज दोन्ही जरा सैल. कंपनीत गणवेश घालावाच लागत असेल तर आतून सुती बनियन घाला आणि डब्याच्या पिशवीत एक जादा ठेवा.

स्वयंपाकघरात भाकऱ्या थापण्याचं काम सकाळी लवकर उरका आणि खिडकी उघडी ठेवा. टेबलफॅन गॅसकडे न वळवता आपल्या पाठीमागून, ज्योतीला वारा लागणार नाही असा तिरका लावा. द्राक्षाच्या मळ्यात काम करणाऱ्यांनी डोक्याला बांधायचा रुमाल ओला ठेवावा आणि पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने घोटभर प्यावं. या उपायांनी वाफांची संख्या कमी होते असं संशोधनात सिद्ध झालेलं नाही, पण आलेली वाफ सोसवते आणि झोप वाचते. तेवढ्यासाठीच हे करायचं.

खाण्यातलं कारण शोधताना वही कामी येते. उकळता चहा, कॉफी, झणझणीत मिसळ, दारू हे नेहमीचे संशयित. पण सगळ्यांना सगळं बाधत नाही, म्हणून एकदम सगळं सोडू नका. वहीत जे तीनदा तरी वाफेच्या आधी आलंय तेवढंच आठवडाभर थांबवा आणि रेघा मोजा. चहा बाधत असेल तर आधी कोमट करून पिऊन पाहा, बऱ्याचदा दोष चहाचा नसून त्याच्या गरमपणाचा असतो. नाशिकमध्ये राहून वाइनबद्दलही सांगायला हवं: द्राक्षातल्या घटकामुळे रेड वाइन या वयात औषधी आहे असं म्हणतात, पण त्या घटकाचं वाइनमधलं प्रमाण अगदी नगण्य असतं. अल्कोहोल मात्र वाफ आणतं, झोप मोडतं आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं. द्राक्षं फळ म्हणून खावीत.

वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा वाफांवरचा खरोखर लागू पडणारा उपाय आहे. ७० किलोच्या बाईने ५ ते ७ किलो सावकाश, सहा महिन्यांत कमी केले तर फरक दिसण्याची चांगली शक्यता असते.

दुसरा सिद्ध झालेला उपाय मनाच्या बाजूचा आहे, आणि आपल्याकडे तो फार कमी जणींपर्यंत पोचतो. विचार आणि वागणूक बदलण्याची जी उपचारपद्धती समुपदेशक वापरतात, तिच्या इंग्लंडमधल्या चाचण्यांमध्ये चार-सहा आठवड्यांत वाफांचा जाच स्पष्टपणे कमी झाला. वाफा तेवढ्याच आल्या, पण त्यांनी दिवस बिघडवणं थांबलं. घरी करायचं ते असं. वाफ आली की मनात काय आलं ते लिहा: 'सगळे माझ्याकडे बघताहेत', 'आता चक्कर येणार'. त्यापुढे खरं काय झालं ते लिहा: 'तीन मिनिटांत गेली, कुणी काही बोललं नाही.' दोन आठवडे हे केलं की घाबरण्याचा भाग गळून पडू लागतो. वाफ येताना पळत सुटायचं नाही, पदराने जोरजोरात वारा घ्यायचा नाही. खांदे सैल सोडून पाच सेकंद श्वास आत, पाच सेकंद बाहेर, ती ओसरेपर्यंत. या श्वासाने वाफांची संख्या घटत नाही, हे चाचण्यांत पाहिलं गेलंय. पण धडधड आणि घाबरं होणं उतरतं.

सोयाबीन: किती, कसं, कुणी टाळायचं

सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाचे इस्ट्रोजेनशी थोडंफार साम्य असलेले घटक असतात. त्यांच्यावरचे निष्कर्ष सरळ नाहीत. काही चाचण्यांत वाफा थोड्या कमी झाल्या, काहींत नाही. आतड्यातले जिवाणू या घटकाचं एका जास्त प्रभावी रूपात रूपांतर करतात, आणि ते जिवाणू प्रत्येकीच्या पोटात नसतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. स्वस्त आहे, प्रथिनं भरपूर आहेत, म्हणून बारा आठवडे करून पाहण्यासारखं नक्कीच आहे.

चाचण्यांत साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन रोज दिलेलं असतं. २५ ते ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीनमधून साधारण ४० मिलिग्रॅम मिळतं. आता दळणाचा हिशोब करू. एक किलो गव्हात १५० ग्रॅम सोयाबीन घातलं आणि दिवसाला चार चपात्या, म्हणजे सुमारे १३० ग्रॅम पीठ खाल्लं, तर पोटात सोयाबीन जातं फक्त १७ ग्रॅम. नुसत्या पिठावर भागत नाही. उरलेले १०-१५ ग्रॅम, म्हणजे छोटी मूठभर भाजलेलं सोयाबीन संध्याकाळी खावं लागतं.

सोयाबीन कच्चं दळायचं नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनेच निकामी होतो. कच्च्या पिठाने पोट फुगतं आणि बायका दोन दिवसांत ते सोडून देतात. आठ तास भिजवा, पाणी फेका, स्वच्छ पाण्यात १५ मिनिटं उकळा, उन्हात खडखडीत वाळवा आणि मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजा. गिरणीत एकटं टाकू नका, त्यातल्या तेलाने जातं तुंबतं. गव्हात मिसळूनच द्या. १५० ग्रॅमच्या पुढे प्रमाण नेलं तर चपाती लाटताना फाटते, कारण सोयाबीनमध्ये गव्हासारखी चिकटी नसते. पीठ पंधरा दिवसांपुरतंच दळा, नाहीतर खवट वास येतो.

थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती सकाळी उपाशीपोटी, आणि सोयाबीन दुपारनंतर. रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर जेवणातल्या प्रमाणात सोया खायला हरकत नसते असं आज मानतात, तरी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आयसोफ्लेव्होनच्या तयार कॅप्सूल मात्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

जवसाचं नाव याच यादीत घेतात. वाफांवर त्याचा उपयोग चाचणीत दिसला नाही. पण बद्धकोष्ठतेला आणि कोलेस्टेरॉलला जवस चांगलं. भाजून भरड दळलेलं एक ते दोन चमचे, चटणी करून, वर पाणी भरपूर. अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात.

झोप

सकाळी उठण्याची वेळ पक्की करा, रात्र कशीही गेली तरी. झोपण्याच्या वेळेपेक्षा उठण्याची वेळ पाळणं जास्त महत्त्वाचं आहे. दुपारी तीननंतर चहा नाही, दुपारची झोप २०-३० मिनिटांवर नाही. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, डोळे जड झाल्यावरच परत या. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की मेंदू अंथरुणाची सांगड जागरणाशी घालतो. ही सवय मोडायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि पहिला आठवडा त्रासाचा असतो. बहुतेक जणी तेव्हाच सोडून देतात.

झोप आणि उदासी यांचा फार जवळचा संबंध आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच मन लागत नसेल, रडू येत असेल किंवा नकोसं वाटत असेल तर ते 'वयाचं' म्हणून सोसायचं नाही. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

योगासनांचा फायदा सगळ्यात जास्त इथे दिसतो. वाफा नाही, पण झोप आणि चिडचिड सुधारते. नाशकात योगवर्ग शोधावे लागत नाहीत, गल्लोगल्ली आहेत. शिक्षकांना दोन गोष्टी आधी सांगा. रक्तदाब असेल तर कपालभाती आणि भस्त्रिका नको. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर कंबरेतून जोरात पुढे वाकण्याची आसनं, म्हणजे पश्चिमोत्तानासन, हलासन, नकोत, कारण मणक्यावर पुढून दाब येऊन मणका दबू शकतो. भुजंगासन, शलभासन, ताडासन, वृक्षासन त्यांच्यासाठी जास्त चांगली.

हाडं: न दुखणारा त्रास

वाफा आपण होऊन कधीतरी थांबतात, हाडांची झीज थांबत नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत ती सगळ्यात वेगाने होते आणि काहीच दुखत नाही, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली नागली, म्हणजे नाचणी, या कामी सोन्यासारखी आहे. १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून १७५. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४०, वाटीभर दह्यातून १८० ते २००. दोन पेले दूध, एक वाटी दही आणि दोन नागलीच्या भाकऱ्या झाल्या की हजार पार होतात. उरलेलं शेवग्याचा पाला, मेथी आणि न पॉलिश केलेल्या तिळातून. पालकातलं कॅल्शियम फारसं अंगी लागत नाही, तो या हिशोबात धरू नका. दूध चालत नसेल तर गोळी लागेल. कॅल्शियम कार्बोनेटच्या १२५० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. ती जेवणाबरोबर घ्यायची, एका वेळी एकच, आणि लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही. थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी.

ड जीवनसत्त्वासाठी हात आणि चेहरा उघडा ठेवून, अकराच्या सुमाराचं ऊन २०-३० मिनिटं. मे महिन्यात हेच ऊन सोसवत नाही, तेव्हा सकाळी नऊच्या सुमारास बसा. डॉक्टर तपासणीनंतर ६०,००० युनिटचं पाकीट देतात ते साधारण आठवड्याला एक, आठ आठवडे असतं. ते रोज घेतलं किंवा वर्षभर विचारल्याशिवाय चालू ठेवलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, मूतखडे आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

चालणं हृदयाला चांगलं, आठवड्याला १५० मिनिटं. गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, कुठेही. पण हाडं आणि स्नायूंना वजन पेलावं लागतं, नुसतं चालून ते होत नाही. आठवड्यातून दोन दिवस एवढं करा: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं १० वेळा, भिंतीला हात टेकून दंड १० वेळा, ओट्याला धरून टाचा उचलणं १५ वेळा, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या लिटरच्या बाटल्या घेऊन खांद्यापर्यंत उचलणं १० वेळा. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या. दोन आठवड्यांनी सोपं वाटू लागलं की बाटली दोन लिटरची. सोपं झाल्यावरही वजन वाढवलं नाही तर पुढे फायदा थांबतो. प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोला साधारण एक ग्रॅम. वाटीभर वरणात ५-६ ग्रॅमच असतात, म्हणून वरण-भाताच्या ताटात उसळ, अंडं, पनीर किंवा मासळीची भर हवी.

खालचा कोरडेपणा आणि लघवी

याबद्दल बायका बोलत नाहीत, आणि वाफांसारखा हा त्रास आपोआप जात नाही, उलट वाढत जातो. आग होणं, संबंधाच्या वेळी दुखणं, वारंवार लघवीला जळजळ. आधी जे लावता ते थांबवा: साबण, डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश, तुरटीचं पाणी. तुरटीने तर उरलासुरला ओलावाही जातो. नुसतं साधं पाणी पुरतं. संबंधाच्या वेळी मेडिकलमध्ये मिळणारं पाण्यावर आधारित वंगण वापरा. शुद्ध खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंबही चालतात, पण निरोध वापरत असाल तर तेल नको, त्याने रबर फाटतं. रोजच्या कोरडेपणासाठी योनीत लावायचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांकडून कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम घ्या. ते जवळजवळ सगळं तिथल्या तिथेच काम करतं आणि वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्गही कमी करतं. इथे घरगुती उपायांवर अडून राहण्यात शहाणपण नाही.

लघवी निसटते त्यासाठी ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम. वारा आणि लघवी एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं, तीन सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू धरण्याचा वेळ आठ-दहा सेकंदांवर न्या. श्वास रोखणं, नितंब किंवा मांड्या आवळणं आणि खाली ढकलणं, या तीन चुकांमुळे व्यायाम फुकट जातो. लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका. शिंकण्याच्या, खोकण्याच्या किंवा पाण्याचा हंडा उचलण्याच्या क्षणभर आधी आवळायची सवय लावली तर तिचा फायदा लवकर जाणवतो. बाकी फरकाला १२ आठवडे द्या.

शतावरी, अश्वगंधा आणि बाकीची बाटली

अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काची, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे, अशी भारतातच झालेली एक छोटी चाचणी आहे आणि तिच्यात लक्षणं कमी झाली. पुरावा एवढाच, पण आशादायक. मात्र अश्वगंधेने थायरॉइड हार्मोन वाढू शकतं, गुंगी येते आणि क्वचित यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइड वाढलेलं असेल, यकृताचा आजार असेल किंवा झोपेची गोळी चालू असेल तर घेऊ नका. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा अंगाला खाज सुटली तर त्याच दिवशी बंद. शतावरीवर पुरावा आणखी कमी आहे. दुधातून घेतली तर दुधाचा फायदा मिळतोच. स्तनाचा कॅन्सर झालेल्यांनी ती टाळावी. होमिओपॅथीच्या गोळ्या बनावट गोळीपेक्षा जास्त काम करतात असं दिसलेलं नाही. प्रिमरोझ तेलाचंही तसंच.

आयुर्वेद घ्यायचाच असेल तर रीतसर घ्या. पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, किंवा नोंदणी असलेल्या वैद्यांकडे जा आणि औषधाचं नाव लिहून मागा. डब्यावर उत्पादन परवाना क्रमांक, घटक, बॅच आणि मुदत हवीच. नाव नसलेल्या पुड्या कितीही ओळखीतून आल्या तरी परत करा. त्यांत शिसं, पारा किंवा स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. 'चार दिवसांत गुण' देणाऱ्या पुडीवर तर संशयच घ्यायचा. आणि ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना ही औषधं सांगा. लपवल्यामुळे यकृताच्या बिघडलेल्या रिपोर्टचं कारण सापडायला महिने जातात.

बारा आठवड्यांनी

वही उघडा. वाफांच्या रेघा निम्म्यावर आल्या नसतील, रात्री तीनपेक्षा जास्त वेळा जाग येत असेल किंवा कामावर खाडे पडत असतील तर हार्मोन उपचाराची चौकशी करा. वाफांवर त्याच्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केल्यास, धोक्याचं काही कारण नसेल तर, बहुतेकींना फायदा जास्त आणि धोका कमी असतो. स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ते देत नाहीत. अशांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, एकट्या इस्ट्रोजेनने आतलं अस्तर वाढतं.

डॉक्टरांकडे जाताना वही, पाळीची शेवटची तारीख, पिशवीच्या ऑपरेशनचा कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-काढ्यांचे डबे आणि आई किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर किंवा पाठीचं-खुब्याचं हाड मोडल्याची माहिती सोबत न्या. विचारायचे प्रश्न चार: माझ्या बाबतीत हार्मोन सुरक्षित आहेत का, गोळी की त्वचेवर लावायचं जेल, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आता करावी का, आणि पुन्हा कधी यायचं.